कोरड्या दिवशी वाहणारी गटार: सांगलीत पावसाळी पाण्याचं काम शिकताना

मार्च २०२२. सांगलीत ऊन तापायला लागलं होतं आणि महिनाभरात पावसाचा थेंब पडला नव्हता. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी एका सल्लागार कंपनीत कंत्राटी अभियंता म्हणून नुकतीच लागले होते. गटारींचा सर्व्हे हे पहिलंच काम. नकाशावर निळ्या रेघेनं दाखवलेल्या एका पावसाळी गटारीपाशी मी उभी होते आणि तिच्यातून घोट्याएवढं करडं पाणी शांतपणे ओढ्याकडे चाललं होतं. मी नोंदवहीत लिहिलं, "गटार सुस्थितीत, प्रवाह चालू." बरोबरच्या मुकादम मामांनी वहीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, पाऊस कुठं पडलाय? मग ह्यो प्रवाह कुठला म्हणायचा?"

तो शेरा मी खोडला. पुढं या कामात जे काही शिकले, त्याची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. महापालिका, नगरपालिका किंवा सल्लागार कंपनीतून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

आधी शब्द नीट करून घ्या, कारण कार्यालयातसुद्धा त्यांची गल्लत होते. आपल्याकडे घरातलं संडास-बाथरूमचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांना लोक 'ड्रेनेज' म्हणतात. ते पाणी शुद्धीकरण केंद्राकडं जायला हवं. रस्त्याकडेची गटार, तिच्यावरचे ढापे, जाळ्या, रस्त्याखालच्या मोऱ्या आणि शेवटी ओढा-नाला, ही दुसरी व्यवस्था. ती फक्त पावसाच्या पाण्यासाठी असते आणि तिच्या वाटेवर कुठलंही शुद्धीकरण केंद्र नसतं. जाळीतून जे आत गेलं, ते जसंच्या तसं कृष्णेत जातं. सांगली-मिरज याच नदीचं पाणी पितात, आणि खाली हरिपूरच्या संगमापुढं, नृसिंहवाडीपर्यंत लोक याच पाण्यात स्नान करतात. शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचं नाव सांगलीत लहान पोरालाही माहीत असतं ते यामुळंच. त्याचं सांडपाणी उपसून धुळगावकडं शेतीला नेण्याची योजना करावी लागली, यावरून दोन व्यवस्था एकमेकांत मिसळल्या की निस्तरणं किती महाग पडतं ते समजतं.

कॉलेजात आपल्याला गणित शिकवतात आणि ते सोपं आहे. पाण्याचा प्रवाह म्हणजे दहा गुणिले वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला जमिनीत न मुरता वाहणारा वाटा), गुणिले पावसाची तीव्रता, गुणिले क्षेत्र. तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये घेतलं की उत्तर ताशी घनमीटरमध्ये येतं. एक हेक्टर मोकळं रान घ्या, गुणांक ०.३, पाऊस ताशी ५० मिलिमीटर: १५० घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ४२ लिटर. त्याच जागेवर घरं, काँक्रीट आणि पेव्हिंग ब्लॉक आले आणि गुणांक ०.९ झाला, की सेकंदाला १२५ लिटर. पाऊस तोच, जमीन तीच, पाणी तिप्पट. प्लॉट पाडताना बुजवलेली ओघळ मात्र परत येत नाही. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयानं २०१९ मध्ये पावसाळी पाणी निचऱ्याची स्वतंत्र मार्गदर्शिका (मॅन्युअल) काढली आहे. ती मिळवून वाचा. पाठ करायची गरज नाही, पण गुणांकांचे तक्ते आणि उताराचं प्रकरण बोटांवर असायला हवं.

सांगलीत खरी परीक्षा उताराची असते. शहर सपाट, माती काळी, आणि शामरावनगरसारखा भाग बशीसारखा. हजारात एक उतार धरला तर किलोमीटरभर गटार नेताना तळ एक मीटर खाली जातो, आणि तेवढं खाली गेल्यावर ज्या नाल्यात पाणी सोडायचं त्याचाच तळ वर राहतो. मी केलेली पहिली आखणी कागदावर सुंदर दिसत होती. उतार बरोबर, वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या वर, म्हणजे गाळ बसणार नाही. ती मी मामांना अभिमानानं दाखवली. त्यांनी गटारीच्या शेवटच्या तोंडावर बोट ठेवलं. "नदी फुगली की हितनं पाणी उलटं येतंय. म्हापुरात पयलं पाणी नाल्यातनंच शिरलं वस्तीत."

मी फक्त आकाशातून पडणाऱ्या पाण्याचा हिशेब केला होता. सांगलीचा स्वतःचा पाऊस वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. पण नदी येते महाबळेश्वराहून, जिथं त्याच्या कितीतरी पट पडतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. इशारा पातळीच्या कितीतरी आधी सखल भागातल्या नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात. म्हणून इथं काम करताना गटारीच्या तोंडाची तळपातळी आणि पुलाची पातळी एकाच मोजमापात आणून शेजारी-शेजारी लिहायची सवय लावा. पुलावर फूट असतात आणि आपली लेव्हल समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. पुलावरच्या पाणी मोजायच्या पट्टीचा शून्य किती मीटरवर आहे ते जलसंपदा विभागाकडून लेखी घ्या, ऐकीव आकडा वापरू नका. हे कोष्टक तयार झालं की नदी किती फुटांवर गेल्यावर कुठलं तोंड बुडणार, ते आधीच सांगता येतं.

तोंडावर झडप बसवली की नदी आत येत नाही, हे खरं. पण झडप बंद असताना शहरात पाऊस पडला तर आतलं पाणी बाहेर पडत नाही. तेव्हा पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि पुरात पहिल्यांदा वीज बंद करतात. म्हणून डिझेल पंपाची जागा, तिथवर जाणारा उंच रस्ता आणि पाणी थोडा वेळ थांबवायला मोकळी सखल जागा, या तिन्ही गोष्टी नकाशावर दिसल्याशिवाय झडपेचं एस्टिमेट पुरं झालं असं मी आता मानत नाही.

पुन्हा त्या मार्चमधल्या करड्या पाण्याकडं येते, कारण प्रदूषण रोखण्याचं काम उन्हाळ्यातच होतं. पावसात सगळंच पाणी गढूळ असतं, काहीच ओळखू येत नाही. निदान तीन दिवस पाऊस पडलेला नसताना नाल्याच्या काठानं चालत जायचं आणि ज्या-ज्या तोंडातून पाणी पडतंय त्यावर नकाशात लाल गोल करायचा. अमेरिकेत १९८७ च्या कायदादुरुस्तीनंतर शहरांच्या पावसाळी गटारींनाही प्रदूषण नियंत्रणाचा परवाना लागू लागला. तिथल्या पालिकाही कोरड्या दिवशी तोंडं तपासतात. मामांची पद्धत तीच होती, त्यांनी ती कुठं वाचली नव्हती.

लाल गोल म्हणजे मैलापाणीच असं नाही. वेळेनुसार पाणी बदलतं का ते बघा. सकाळी सात ते नऊ भरपूर आणि दुपारी तीनला ठिबकतंय, तर ते घरांमधलं. दिवसभर एकसारखं आणि स्वच्छ असेल, तर बहुधा पिण्याच्या पाण्याची लाइन कुठंतरी फुटली आहे. पाणीपुरवठ्याच्या माणसांकडची ओ.टी. टेस्टची बाटली मागून घ्या. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते नळाचं पाणी. गळती सापडते आणि पाणीपुरवठा विभागात तुमची ओळख होते, तीही पुढं उपयोगी पडते. फेस येतोय तर साबण. इंद्रधनुष्यासारखी साय दिसली तर गॅरेजचं ऑइल. शेणाचा वास असेल तर वर गोठा आहे.

मग उगम शोधायचा. एकेक चेंबर उघडत बसू नका, दिवस जातो. मधलं चेंबर आधी उघडा. ते कोरडं असेल तर जोडणी त्याच्या खाली आहे, वाहत असेल तर वर. पुन्हा उरलेल्या भागाच्या मधलं. चार-पाच झाकणांत गल्ली सापडते. शेवटची दोन-तीन घरं राहिली की घरच्यांना सांगून संडासात रंग टाकायचा आणि खाली चेंबरपाशी थांबायचं. त्या पहिल्या गटारीत हिरवं पाणी आलं ते एका जुन्या चाळीतून. चौदा माणसांचं बिऱ्हाड, सेप्टिक टँक भरून वाहत होता आणि त्याचं तोंड त्यांनी रात्रीत गटारीला जोडलं होतं.

मी नोटीस लिहायला घेतली. महापालिका अधिनियम, १९४९ आणि जलप्रदूषणाचा १९७४ चा कायदा, दोन्हींचा आधार घेता येतो आणि कलमं तुम्हाला माहीत हवीतच. पण त्या गल्लीत ड्रेनेजची लाइनच नव्हती. चाळीतल्या आजी म्हणाल्या, "बाई, जोडणी तोडा, पर मग आमी पानी टाकावं कुठं?" याचं उत्तर नोटिशीत नव्हतं. आम्ही टँक उपसायला गाडी मागवली आणि शेजारच्या रस्त्यावरच्या ड्रेनेज लाइनपर्यंतची लेव्हल काढली. उतार मिळाला. प्रस्तावात ती छोटी लाइन घातली. माझं ठाम मत आहे की पर्याय हातात नसताना काढलेली नोटीस फाइलमध्येच राहते. गॅरेजवाला किंवा रात्री टँकर रिकामा करणारा यांची गोष्ट वेगळी. तिथं दया दाखवू नका.

नमुने घेण्याबद्दल थोडं. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि आधीचा पाऊस कधी पडला ते तिथंच लिहा. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. बी.ओ.डी., म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, आपल्याकडं २७ अंशांवर तीन दिवसांत मोजतात. स्नानाच्या पाण्यासाठी तो लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ पेक्षा कमी नको, हे दोन आकडे पाठ हवेत. वळवाच्या पहिल्या सरीचा नमुना मात्र चुकवू नका. सात-आठ महिने रस्त्यावर साचलेलं ऑइल, टायरची भुकटी, बाजारातला कचरा, सगळं पहिल्या अर्ध्या तासात नाल्यात उतरतं. मे अखेरीस करायची नालेसफाई एप्रिलमध्ये व्हावी असं मी दरवर्षी सुचवते ते यासाठी. आणि काढलेला गाळ काठावर ठेवला तर तो पहिल्याच पावसात परत आत जातो, हे तुम्हाला पहिल्या वर्षीच दिसेल.

एक गोष्ट कुणीही, कितीही घाईत सांगितली तरी करू नका: चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्यानं मैलागटारीत आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला धोकादायक पद्धतीनं उतरवायला बंदी आहे, आणि ज्या पावसाळी गटारीत मैला मिसळलाय तिथंही तोच विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, असतो. कुजक्या अंड्याचा वास येतोय तोवर निदान कळतं. प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं, आता ठीक आहे. झाकण उघडा, लांब उभे राहा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं गटार मोकळी करणारं जेटिंग मशीन मागवा. मशीन उद्या मिळणार असेल तर काम उद्या करा.

नोकरीच्या वाटांची माहिती इतरत्र भरपूर मिळते, म्हणून थोडक्यात सांगते. नगरपरिषदांसाठी राज्याच्या अभियांत्रिकी सेवेत पाणीपुरवठा, जलनिःसारण व स्वच्छता असा वेगळा संवर्ग आहे. महापालिका आपली भरती स्वतंत्रपणे करतात. स्वच्छता निरीक्षकाची पदविकाही उपयोगी पडते. माझ्यासारखं कंत्राटी कामातून शिरलात तर पगार कमी, पण नाले पायाखाली येतात. मुली नेहमी विचारतात म्हणून सांगते: गमबूट स्वतःच्या मापाचे स्वतः घ्या, कार्यालयात असतात ते मोठे असतात आणि गाळात रुततात.

त्या चाळीची लाइन पडायला दीड वर्ष गेलं. गेल्या मार्चमध्ये मामा निवृत्त व्हायच्या आठवड्यात आम्ही दोघं मुद्दाम सकाळी आठ वाजता त्या तोंडापाशी गेलो. तळाला वाळलेली पानं होती आणि गाळाला भेगा पडल्या होत्या. मामांनी माझ्या हातातली वही घेतली, लाल गोलावर फुली मारली आणि म्हणाले, "चला, पुढच्या तोंडाला अजून पानी हाय."