सॉफ्टवेअर लायसन्स वाचताना या चुका टाळा

नागपुरातला परसोडीचा आयटी पार्क असो की मिहान, छोट्या कंपनीत लायसन्स वाचायचं काम ज्याने सॉफ्टवेअर टाकलं त्याच्याच गळ्यात पडतं. वकील येतो तो नोटीस आल्यावर. म्हणून ही भाषा आपल्यालाच वाचता आली पाहिजे.

सगळ्यात महागात पडते ती शब्दाचा रोजचा अर्थ धरून चालण्याची चूक. ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स घ्या, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. मूळ पॅकेज जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे, ऑफिसात खुशाल वापरा. जादा सोयी देणाऱ्या त्याच्या एक्स्टेन्शन पॅकचं लायसन्स मात्र वेगळं: वैयक्तिक आणि शैक्षणिक वापर फुकट. धरमपेठेतला क्लासवाला म्हणेल, आम्ही शिकवतोच तर आहोत! पण व्याख्येत शाळा, कॉलेज आणि विद्यापीठं आहेत. फी घेणारा खासगी क्लास त्यात आपोआप बसतो असं समजू नका. इंग्रजी मजकुरात साधा शब्द वाक्याच्या मधेच कॅपिटल अक्षराने सुरू झाला, की आधी व्याख्यांचं कलम उघडा. तिथे लिहिलंय तोच अर्थ चालतो.

‘आणि’, ‘किंवा’ घाईत वाचू नका. डॉकर डेस्कटॉप हे प्रोग्रॅमरांचं सॉफ्टवेअर छोट्या कंपन्यांना फुकट आहे, पण कर्मचारी 250 पेक्षा कमी आणि वार्षिक उत्पन्न 1 कोटी डॉलरपेक्षा कमी, या दोन्ही अटी पाळल्या तरच. माणसं चाळीसच, पण उलाढाल त्याहून मोठी असेल तर पैसे भरावे लागतात.

गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर कोड दिसला म्हणजे तो ओपन सोर्स, कुणीही कशालाही वापरावा असा, हाही गैरसमजच. हॅशिकॉर्प कंपनीचं टेराफॉर्म हे सर्व्हर उभारायचं सॉफ्टवेअर ऑगस्ट 2023 मध्ये एमपीएल हे ओपन सोर्स लायसन्स सोडून बिझनेस सोर्स लायसन्सवर गेलं. कोड अजूनही दिसतो. हॅशिकॉर्पशी स्पर्धा करणारी सेवा मात्र त्यावर उभी करता येत नाही. आधी एमपीएलखाली निघालेल्या आवृत्त्यांना ही बंदी लागू नाही. म्हणून वेबसाइटवरचं आजचं पान नको, तुमच्या आवृत्तीसोबत आलेली लायसन्सची फाइल वाचा.

आणि ‘आपल्याला कोण विचारतो’ हे तर मनातही आणू नका. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63 ब नुसार 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड होऊ शकतो.

तरीही अर्थ लागत नसेल तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला ईमेल करा. ‘हे चालेल का?’ एवढंच विचारू नका. किती मशीन, कोण वापरणार, ग्राहकाकडून पैसे घेणार का, हे सगळं लिहा. आलेलं उत्तर लायसन्सच्या प्रतीसोबत जपून ठेवा.