बॅगपाईप वाजवताना लवकर दम लागतो? आधी गळती शोधा

फुप्फुसांना दोष देण्याआधी हवा कुठून सुटते ते पाहा. हायलँड बॅगपाईपचा चँटर (बोटांनी धून वाजवायची नळी) आणि तिन्ही ड्रोन (सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या) काढून त्यांचे चारही स्टॉक (नळ्या बसवायला पिशवीत बांधलेल्या खोबण्या) रबरी बुचांनी बंद करा. पिशवी टणक होईपर्यंत फुंका, मिनिटभर थांबा, पुन्हा फुंका. जेमतेम थोडी हवा आत गेली तर पिशवी ठीक. भसकन गेली तर गळती आहे.

तोंड काढल्यावर ब्लोपाईपमधून, म्हणजे फुंकायच्या नळीतून, हवा उलट येत असेल तर दोष झडपेचा. नाहीतर शिवण आणि स्टॉक बांधलेल्या जागा गालाजवळ धरून तपासा. हवेची झुळूक लगेच जाणवते.

पिशवी चांगली निघाली की सांधे बघायचे. सैल सांध्यावर मेण लावलेल्या हेंपच्या (भांगेच्या तंतूंच्या) दोऱ्याचे एक-दोन वेढे पुरतात. ड्रोनचा सुरात लावायचा सांधा मात्र हाताने फिरवत सरकला पाहिजे. श्वासातल्या ओलाव्याने दोरा फुगतो, त्यामुळे जाम झालेला सांधा जोराने बसवू नका. लाकडाला तडा जातो. वाजवून झाल्यावर नळ्या आतून पुसा.

सगळं हवाबंद असूनही दम लागतोच? मग बहुधा चँटरची रीड, म्हणजे आतली कंप पावून सूर काढणारी पाती, कडक आहे. नवशिक्याने मऊ रीडच घ्यावी, जुने वादक काहीही म्हणोत.