मदुराईत दुपारी पाय भाजू नयेत म्हणून

मीनाक्षी मंदिर साडेबाराच्या सुमारास बंद होतं ते चारपर्यंत. नेमक्या त्याच वेळी बाहेर पडणाऱ्यांचे तळवे तापलेल्या फरशीवर भाजतात. त्यामुळे दिवसाची आखणी उलटी करा:

१. पहाटे पाच-साडेपाचला थेट मीनाक्षी. आरामात दोन-तीन तास द्या, घाई इथे करूच नका.

२. दुपारी सावलीतली ठिकाणं: तिरुमलै नायक महाल किंवा गांधी संग्रहालय. नाहीतर सरळ झोप (मी झोपच निवडतो).

३. रात्री नऊच्या आसपास पुन्हा मंदिर. तेव्हा सुंदरेश्वराच्या, म्हणजे मीनाक्षीचा पती शिवाच्या, पादुका पालखीतून मीनाक्षीच्या शयनगृहाकडे नेतात. हे चुकवू नका.

आता खरी युक्ती. चारही बाजूंची गोपुरं आतून फिरल्यावर सारखीच वाटतात. भलत्याच दारातून बाहेर पडलात, तर चपलांसाठी रस्त्यावरून अनवाणी वळसा! आणि मोबाईल आत नेता येत नाही, म्हणजे नकाशाही नाही. चपला ठेवल्या ते दार पूर्वेचं की दक्षिणेचं, हे टोकनासोबत कागदावर लिहून खिशात ठेवा.

हाफपँट मात्र नको, प्रवेश मिळत नाही.