उंदराचं आयुष्य वाढलं, म्हणून गोळी सुरू करताय? या चुका टाळा

पहिली चूक नर-मादी न पाहण्याची, आणि तीच सर्रास होते. अमेरिकेत तीन प्रयोगशाळा मिश्र वंशाच्या उंदरांवर एकच औषध एकाच पद्धतीने तपासतात. तिथे अकार्बोज या मधुमेहाच्या औषधाने नरांचं आयुष्य २२ टक्के वाढलं, माद्यांचं जेमतेम ५. कॅनाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचंच दुसरं औषध नरांना लाभलं, माद्यांना नाही. नर-मादी वेगळे न सांगता एकच आकडा दिला असेल, तर त्यावर विसंबू नका.

मग औषध न दिलेले उंदीर किती जगले ते शोधा. नीट सांभाळलेला उंदीर अडीच वर्षांच्या आसपास जगतो. तुलनेचा गटच लवकर मेला, तर कुठलंही औषध संजीवनी वाटेल. वजनंही बघा. औषधाने खाण्याची चव बिघडली की उंदीर कमी खातात, आणि नुसतं कमी खाण्यानेही त्यांचं आयुष्य वाढतं.

‘रक्तातली साखर सुधारली, म्हणजे आयुष्य वाढणार’ हे गृहीतक मला सगळ्यात घातक वाटतं. रॅपामायसिनचंच बघा. खाण्यात मिसळलं की ते टिकत नव्हतं. त्यावर वेष्टन चढवण्याची युक्ती जमेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे आपल्याकडच्या साठीच्या घरातले झाले होते. तरीही औषध दिलं, आणि २००९ साली निकाल आला: ९० टक्के उंदीर मरण्याचं वय माद्यांत १४, नरांत ९ टक्क्यांनी पुढे गेलं. पण हेच औषध उंदरांची साखर पचवण्याची ताकद बिघडवतं! द्राक्षांच्या सालीत सापडणाऱ्या रेझ्वेराट्रॉलचं उलटं झालं. तुपकट आहारावरच्या लठ्ठ उंदरांची तब्येत सुधारली, साध्या आहारावरच्यांचं आयुष्य मात्र वाढलं नाही.

मात्रेबद्दल तर फारच बेफिकिरी दिसते. खाण्यात ०.१ टक्का मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिल्यावर एका प्रयोगात नर उंदीर सुमारे ५ टक्के जास्त जगले. १ टक्का दिल्यावर मूत्रपिंडांना इजा होऊन ते लवकर मेले. तीन प्रयोगशाळांच्या तपासणीत तर नुसत्या मेटफॉर्मिनने ठोस वाढ दिसलीच नाही. आपल्याकडे घरोघरी मेटफॉर्मिनची स्ट्रिप असते. मधुमेह नसताना वडिलांच्या स्ट्रिपमधली गोळी घेऊ नका. आणि रॅपामायसिन तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला ते देतात, तेही रक्तातली पातळी वरचेवर मोजत.