झाडीत टेंट लावताय? आधी पाचोळा बघा

आंबोली, दोडामार्ग साइडला झाडीत टेंट लावणार असाल तर गार सावली दिसली म्हणून लगेच पसारा मांडू नका. एकदा वर बघून घ्या, वाळकी फांदी लटकत असेल तर जागा बदला, पण खरं बघायचंय ते खाली, पाचोळ्यात.

सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे (माणसांना आणि माकडांनाही होणारा विषाणूचा ताप) पेशंट सापडलेत आणि तो होतो गोचीड चावल्याने, त्यातून जानेवारी ते मे, म्हणजे आपला कॅम्पिंगचाच सीझन, आणि गोचिडीची पिल्लं तर तिळाहून बारीक, चावलेलं कळतही नाही. म्हणून पाचोळा बाजूला सारून जाड ताडपत्री टाका मगच टेंट, फुल पँट मोज्यात खोचा, नुसत्या पाचोळ्यावर टेकू नका, आणि झोपायच्या आधी टॉर्च मारून काखा, जांघ, गुडघ्याच्या मागे, कानामागे नीट बघा, पोरांचं तर नक्कीच. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, रॉकेल वगैरे तर अजिबात नको.

मेलेलं माकड दिसलं तर तिथे थांबूच नका, वनखात्याला कळवा. नंतर आठ-दहा दिवसांत सणकून ताप आला, अंग-डोकं ठणकायला लागलं तर डॉक्टरांना जंगलात राहिलो होतो हे आवर्जून सांगा.