अमेरिकन लेखिका यूडोरा वेल्टी वाचायला घ्यायचीय? मग अशी सुरुवात करा

एकदम कादंबरी उघडू नका, भले 'द ऑप्टिमिस्ट्स डॉटर'ला १९७३ चं पुलित्झर पारितोषिक मिळालेलं असू दे. आधी तिने काढलेले फोटो बघा. १९३० नंतरच्या मंदीत ती मिसिसिपी राज्यात एका सरकारी योजनेच्या प्रसिद्धीचं काम करायची, त्यासाठी गावोगाव फिरायची आणि फिरता फिरता लोकांचे फोटो काढायची, बहुतेक गरीब, त्यात कृष्णवर्णीय खूप. घाई करू नका, एकेका फोटोत हात कुठे ठेवलेत, कपडे कसे विरलेत ते नीट बघा.

मग 'अ वॉर्न पाथ' ही कथा घ्या, १९४१ ची, छोटीशीच आहे. म्हातारी फिनिक्स नातवाच्या औषधासाठी थंडीत चालत शहरात निघालीय, डोक्याला लाल फडकं, हातात छत्रीच्या दांड्याची काठी, बुटाच्या नाड्या सुटलेल्या... फोटो बघून आला असाल तर ती लगेच डोळ्यांसमोर उभी राहते, मला तरी रडू आवरलं नव्हतं.

संवाद मोठ्याने वाचा, वेल्टीचा बोलण्याचा कान जबरदस्त होता.

आणि स्वतः लिहित असाल तर तिची ही पद्धत करून बघाच, कागद कापायचे, तुकडे टाचणीने जोडायचे, क्रम बदलून पुन्हा टाचायचे.