सर्व्हिस डॉगसाठी कुत्रा कसा पारखायचा

अंध, कर्णबधिर किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाच्या मदतीसाठी कुत्रा निवडताना त्याची हुशारी सर्वांत शेवटी बघा. ‘बस’, ‘थांब’, ‘आण’ हे बहुतेक कुत्री शिकतात. दचकल्यावर किती लवकर सावरायचं, हे मात्र फारसं शिकवता येत नाही.

तपासायचं असं: कुत्रा आपल्याच नादात असताना आठ-दहा फुटांवर स्टीलचं ताट पाडा. तो दचकला, दोन पावलं मागे सरला, तरी हरकत नाही. काही सेकंदांत स्वतःहून ताट हुंगायला आला तर उत्तम. मिनिटभरानेही शेपूट पायांत आणि आवडता खाऊसुद्धा नको, असं असेल तर संध्याकाळच्या गर्दीत दादरच्या पुलावर तो मालकाला घेऊन चालू शकणार नाही. ढोल-ताशे किंवा फटाके परीक्षेसाठी वापरू नका. चांगल्या कुत्र्यालाही कायमची धास्ती बसू शकते.

मग माणसं. दिसेल त्याच्या अंगावर उड्या मारणारा कुत्रा प्रेमळ असतो, पण कामाचा नसतो. राखणदारी वृत्तीचा तर नकोच. मालकाला फिट आली आणि मदतीला धावलेल्या माणसावरच तो गुरगुरला, तर अनर्थ होईल. अनोळखी माणूस जवळ आला की एकदा बघावं आणि पुन्हा मालकाकडे वळावं, इतपत कुतूहल पुरे.

मुंबईत बरीच कुत्री नापास होतात ती खाली पडलेल्या खाण्यावर आणि भटक्या कुत्र्यांवर. वडापावचा तुकडा दहा फुटांवर ठेवून पट्टा सैल धरून शेजारून चाला. पहिल्या खेपेला ओढ घेणारच. चार-पाच खेपांत हाक मारल्यावर मान वळते का, ते बघा. गल्लीतली कुत्री भुंकत असताना उलट भुंकून थांबला तर शिकवता येईल. पण पाच मिनिटं धुसफुसत राहिला, तर नाद सोडा.

याशिवाय लिफ्ट, लोखंडी जिना आणि ओली फरशी यांवरून चालवून बघा. पंजे, कान, शेपूट हाताळू देतो का, तेही बघा. आणि अर्धा तास काहीही न करता पायाशी पडून राहतो का? ही परीक्षा कंटाळवाणी वाटते, पण कामाचा बराचसा वेळ यातच जातो.

हे सगळं सकाळी आठच्या आत करा. एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताचा उलटा पंजा सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचेही पाय भाजतात. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना इथल्या दमट हवेत धाप लागते, म्हणून त्या टाळा. कर्णबधिर मालकासाठी आवाज ऐकून त्याला सांगण्याच्या कामाला छोटा कुत्राही चालतो. व्हीलचेअर ओढायची असेल तर मात्र मोठा, धडधाकट हवा. लॅब्राडॉर घेताना आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, कारण खुब्याचा दोष बऱ्याचदा आनुवंशिक असतो. कुत्र्याच्या स्वतःच्या खुब्यांचा पक्का निर्वाळा साधारण दोन वर्षांचा झाल्यावरच मिळतो.

सात आठवड्यांच्या पिल्लाच्या चाचणीवर फार विसंबू नका; वर्ष-दीड वर्षाच्या कुत्र्याचा अंदाज जास्त खरा ठरतो. एवढी पारख करूनही बरीच कुत्री प्रशिक्षणात गळतात. तसं झालं तर तो कोणाकडे राहील, हे घरी आणण्याआधीच ठरवून ठेवा.